चौथा कोपरा

गोंदिया जिल्ह्यात काटकोन शोधायला निघालेल्या माणसाची फार पंचाईत होते. धानाच्या बांध्यांकडे बघा. पाणी जसं उतरतं तसा धुरा वळतो, त्यामुळे एका बांधीला तीन कोपरे, शेजारणीला पाच आणि पलीकडचीला एकही नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी टेकड्यांच्या मर्जीने वाकतात. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी 18 व्या शतकाच्या सुरुवातीला घातला असं सांगतात. तेही कुठे काटकोन मारत बसले नाहीत, डोंगरांमधल्या फटी तेवढ्या बुजवल्या आणि तलाव उभा केला. फट बुजवण्याची विद्या या मुलखात निदान तेव्हापासून आहे. नाही म्हणायला हावडा-मुंबई रेल्वेमार्ग बऱ्यापैकी सरळ आहे, पण तो इथून जाणारा, त्याला इथलं म्हणता येत नाही.

अशा मुलखात एखाद्या पोराने टेबल सॉ विकत घ्यावा आणि सागवानाच्या पट्ट्या नेमक्या 45 अंशांत कापायची प्रतिज्ञा करावी, हे मला पहिल्यापासून धाडसाचं वाटत होतं.

हा पोरगा म्हणजे आमच्या मिस्त्रींचा भाचा. आयटीआयमधून सुतारकाम शिकून आलेला. मिस्त्रींचं दुकान आमगावच्या रस्त्याला, टिनाच्या शेडमध्ये. शेजारी राईस मिल. त्यामुळे हवेत अर्धा कोंडा आणि अर्धा लाकडाचा भुसा असतो, आणि कुठला कुठून आला हे शिंक आल्याशिवाय कळत नाही. माझा या धंद्याशी संबंध एवढाच की मी शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालो आणि आता सकाळचा पेपर तिथल्या स्टुलावर बसून वाचतो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. सुताराच्या दुकानातलं स्टूल डुगडुगतं यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

आमच्याकडची जुनी दाराची चौकट या पंचेचाळीसच्या भानगडीत पडतच नसे. खाली उंबरठा, वर माथापट्टी, बाजूला दोन उभे खांब. एकाला कुसू काढायचं, दुसऱ्यात खाच पाडायची, ठोकून बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी मारायची. पुढच्या दोन पिढ्या दार आपटोत नाहीतर पाहुणे धडकोत, ती हलत नाही. तिरपा काप आला तो प्लायवूडबरोबर. प्लायवूडची कड उघडी दिसली की पापडाच्या चळतीसारखी दिसते, म्हणून तिच्यावर पट्टी आली. पट्टी आली की पट्टीला कोपरा आला, आणि कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटताना दोघींची डोकी दिसू नयेत म्हणून प्रत्येकीला 45 अंशांत छाटणं आलं. फोटोफ्रेमचंही तेच.

टेबल सॉ येण्याआधी दुकानात जुगाड होता. फरशी कापायचा हातातला कटर उलटा करून प्लायवूडच्या तुकड्याखाली बोल्टने आवळायचा, वरच्या फटीतून पातं बाहेर काढायचं, झालं टेबल. या यंत्राला संरक्षक झाकण नाही, नीट बंद करायचं बटण नाही आणि माफीही नाही. मिस्त्री त्यावर काम करताना बोलत नसत, आणि आम्हीही बोलत नसू. आता लोखंडी टेबलाचा, खाली मोटर असलेला टेबल सॉ नागपूरहून आला. टेबलाला पात्याच्या बाजूने दोन लांब खाचा. त्या खाचेत सरकणारी एक पट्टी, पट्टीवर अर्धवर्तुळाकार कोनमापक. त्याला सगळे मायटर म्हणतात. त्यावर 45 चा आकडा कोरलेला. शिवाय भाच्याने चुंबकाने पात्याला चिकटणारी, कोन दशांशात दाखवणारी एक डबी घेतली. मिस्त्रींकडे वडिलांच्या वेळचा शिसवी दांड्याचा गुण्या आहे. दोघांची तोंडं तेव्हापासून दोन दिशांना होती.

पहिलं मोठं काम आलं शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाचं. तुकडोजी महाराजांचा मोठा फोटो, त्याला सागवानाची 60 मिलिमीटर रुंद पट्टीची फ्रेम. भाच्याने आठही काप मोठ्या हौसेने मारले. चार पट्ट्या जुळवल्या. पहिला कोपरा बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. चौथ्यात सुताराची चपटी पेन्सिल जवळजवळ आरपार जाईल एवढी फट.

“मामाजी, मशीन नवी हाये, पातं नवं हाये. मंग हा कोपरा काहून उघडा रायते?”

त्याने मग जे केलं ते त्याच्या जागी कोणीही केलं असतं. चौथ्या कोपऱ्याच्या दोन पट्ट्या घेऊन त्या परत कापल्या. फट थोडी हलली. परत कापल्या. आता चौथा कोपरा मिटला आणि दुसरा उघडला, कारण समोरासमोरच्या पट्ट्या आता सारख्या लांबीच्या राहिल्या नव्हत्या. त्या सारख्या नसल्या तर कोन कितीही नेमका असला तरी चौकट मिटत नाही. दुपारपर्यंत फ्रेम एवढी आखडली की महाराजांचा फोटो तिच्यात मावेना.

“त्या कोपऱ्यानं काय केलं बाप्पा?” मिस्त्री म्हणाले. “तो शेवटी आला, म्हून सापडला. गुरुजी, तुमी सांगा याले.”

भूमिती शिकवलेल्या माणसाला एवढं आमंत्रण पुरतं. मी पेपरच्या कडेला हिशेब मांडला. चौकटीला कोपरे चार, कोपऱ्याला काप दोन, म्हणजे काप आठ. समजा प्रत्येक काप 45 ऐवजी साडेचव्वेचाळीसचा पडला. अर्धा अंश म्हणजे काय? 60 मिलिमीटरची पट्टी तिरपी कापली की कापाची लांबी होते सुमारे 85 मिलिमीटर, आणि एवढ्या लांबीवर अर्धा अंश म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. पण आपण पहिले तीन कोपरे दाबून मिटवतो तेव्हा त्यांची उणीव संपत नाही, ती पुढे सरकते. आठ अर्धे म्हणजे चार अंश, आणि ते सगळे चौथ्या कोपऱ्याच्या पदरात. 85 मिलिमीटरवर चार अंश म्हणजे जवळजवळ 6 मिलिमीटर. सरकारी कचेरीत मार्च महिन्यात टेबलावर असलेल्या कारकुनाला हे गणित न शिकवता कळतं.

भाचा हिशेब बघून गप्प झाला. मग म्हणाला, “पण यावर तं 45 लिवलं हाये ना जी.” मायटरवरच्या आकड्यावर त्याचा जो विश्वास होता, तसा मला लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताच्या वेळेवरही कधी ठेवता आला नाही. स्वस्त मायटरवरचा आकडा साधारण दिशा दाखवतो, एवढंच. काटा पेन्सिलीच्या रेघेएवढा जाड, खूण त्याहून जाड. त्या दोन जाड्यांच्या मध्ये अर्धा अंश आरामात झोपतो.

मिस्त्रींनी गुण्या काढला. पण मायटरला लावण्याआधी त्यांनी तो गुण्याच तपासला, आणि ते बघण्यासारखं होतं. प्लायवूडच्या सरळ कडेला गुण्याचा दांडा टेकवला, पातीच्या कडेने टोकदार पेन्सिलने एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा करून, दांडा त्याच कडेला पण तोंड दुसऱ्या बाजूला, पहिल्या रेघेच्या पायथ्याशी आणून दुसरी रेघ ओढली. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. वर जाता जाता फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी गुण्याची चूक. मिस्त्रींच्या दोन रेघांची एकच रेघ झाली. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना असं उलटं करून बघायची सोय आमच्या वेळी नव्हती.

भाच्याची डबीही याच परीक्षेला बसली. डबी बिचारी प्रामाणिक निघाली. फक्त तिला आधी टेबलावर ठेवून शून्य करायचं असतं, आणि टेबलावर भुशाचा थर होता.

मग प्लग काढला. बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. हा नियम मिस्त्रींनी स्वतःच्या दहा बोटांवर हात फिरवत सांगितला. पात्याच्या एका दाताला खडूची खूण केली. तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर मोजलं, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि परत मोजलं. तोच दात का, तर पातं स्वतःच किंचित वाकडं असलं तरी मापात तो दोष येऊ नये म्हणून. मागचं अंतर पुढच्यापेक्षा नखभर कमी भरलं. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावात हे समजावणं सोपं जातं: ब्रॉडगेजचे रूळ 1676 मिलिमीटरवर आहेत, नॅरोगेजचे 762 वर होते, अंतर काय ठेवायचं ते ठेवा, पण गोंदियाला जे आहे तेच बालाघाटला राहिलं पाहिजे. पातं आणि खाच यांचंही तसंच. पातं मागे खाचेकडे झुकलं की पुढच्या दातांनी कापलेलं तोंड मागचे दात परत घासतात, लाकूड बाजूला रेटतात आणि जाता जाता काळा डाग ठेवून जातात. तो डाग पट्ट्यांवर होताच. भाचा त्याला सागवानाची नक्षी समजत होता.

टेबलाखालचे बोल्ट ढिले करून, लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत, मोजत, परत ठोकत पातं सरळ करण्यात दुसऱ्या दिवसाची अख्खी सकाळ गेली. या कामात सगळ्यात वाईट क्षण शेवटचा. माप जुळतं, आनंदाने बोल्ट आवळावा, आणि आवळता आवळता ते परत हलतं. मी तेवढ्या वेळात शब्दकोडं सोडवलं.

पुढचा दोष खाचेतल्या पट्टीचा. ती खाचेत सैल होती, मायटर धरून हलवला तर किंचित डुलायचा. हा डुलणारा मायटर दर कापाला नवा कोन देतो, म्हणून त्यावर कितीही बारीक मोजमाप केलं तरी ते कालच्या कोनाचं असतं. मिस्त्रींनी पट्टी काढून ऐरणीवर धरली आणि तिच्या कडेला पंचाने थोड्या थोड्या अंतरावर टोचे मारले. प्रत्येक टोच्याभोवती लोखंड केसभर फुगतं. पट्टी परत खाचेत घातली तर घट्ट बसली, पण सरकायला मोकळी. नागपूरच्या दुकानात यासाठी नवी, स्क्रूने जाडी वाढवता येणारी पट्टी मिळते असं भाचा म्हणाला. मिस्त्रींनी पंच खोक्यात टाकला आणि चहा मागवला.

यानंतरही काप थोडा चुकतच होता, आणि हा दोष मला स्वतःला सगळ्यात आवडला, कारण तो यंत्राचा नव्हताच. तिरपं धरलेलं लाकूड पात्याला लागलं की पातं ते आपल्याकडे ओढतं. हाताने घट्ट धरलं असं माणसाला वाटतं, पण काप सुरू होताना लाकूड अर्धा मिलिमीटर सरकतं आणि पुढचा सगळा काप त्या सरकलेल्या जागेवरून होतो. त्यातून दुपारी शेजारची राईस मिल सुरू झाली की आमच्या मोटरचा आवाज बसतो, पात्याचा वेग उतरतो आणि भाचा तो जोराने ढकलून भरून काढतो. बारीक पातं अशा वेळी चक्क वाकतं. उपाय दोन. मायटरच्या तोंडावर पॉलिश पेपर चिकटवला, खरखरीत बाजू बाहेर, म्हणजे लाकूड घसरत नाही. आणि मिल सुरू असताना पट्ट्या कापायच्या नाहीत, त्या वेळात जेवून घ्यायचं.

लांबीसाठी मिस्त्रींनी ठोकळा लावला. दर वेळी टेपने मोजून खूण करण्यापेक्षा मायटरच्या लांब फळीवरच एक ठोकळा आवळायचा, पट्टीचं टोक त्याला टेकवायचं आणि कापायचं. समोरासमोरच्या दोन पट्ट्या याच ठोकळ्याला टेकून निघाल्या की सारख्याच निघतात. (टेबलावरच्या लांब सरळ फेन्सला टेकवून असं कापू नये. सुटलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्यात अडकतो आणि बंदुकीतून सुटल्यासारखा अंगावर येतो.) मग दोन्ही पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या आणि टोकावरून अंगठा फिरवायचा. माझ्या चष्म्याला जे दिसत नव्हतं ते मिस्त्रींच्या अंगठ्याला कळत होतं. “हितं पायरी लागते,” ते म्हणाले. मी अंगठा फिरवला. मला फक्त सागवान लागलं.

इतकं सगळं झाल्यावर भाच्याचा एक अध्याय सुरू झाला, तो मिस्त्रींना मुळीच पसंत नव्हता. कापलेल्या पट्टीच्या तिरप्या तोंडावर ठेवलेली डबी दाखवे 44.9. तो मायटर ठोके, परत कापे, मग 45.1. परत ठोके, 44.9. 45.0 हा आकडा क्षणभर येई आणि श्वास सोडला की जाई. गोंदियात नेमके 45 अंश फक्त मे महिन्यात मिळतात, तेही हवेत.

“पंचेचाळीस कोनाले पायजे?” मिस्त्री शेवटी म्हणाले. “मले नव्वद पायजे.”

त्यांनी प्लायवूडचा एक चौकोन घेतला, खालून दोन्ही खाचांत बसतील अशा दोन लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे तो पात्यावरून पुढेमागे सरकेल. वर दोन फळ्या अशा बसवल्या की त्यांच्या दोन भुजा एकमेकींशी नव्वद अंश करतील आणि पातं साधारण त्यांच्या मधोमध येईल. साधारण, बरं का. भुजांमधला नव्वद मात्र गुण्याने घासून पक्का केला. एका कोपऱ्याची एक पट्टी डाव्या भुजेवर टेकवून कापायची आणि तिची जोडीदारीण उजव्या भुजेवर. आता पातं मधोमध नसेना का. डावीकडचा काप 44.6 अंशांचा पडला तर उजवीकडचा 45.4 पडणारच, कारण दोघांची बेरीज त्या दोन भुजांनी आधीच ठरवून टाकली आहे. कोटिकोनांचा असा संसारी उपयोग मी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही. इतकी वर्षं फळ्यावर ज्यांची बेरीज नव्वद दाखवून मी पुढच्या पानावर जात होतो, त्या जोडीतला प्रत्येकजण वेगळा असायला मोकळा आहे, हे मिस्त्रींनी प्लायवूडच्या तुकड्यावर दोन खिळ्यांत सांगितलं.

भाच्याने डबी खिशात घातली, पण टाकली नाही. ते मला आवडलं. पातं टेबलाशी नव्वदला उभं आहे का ते तपासायला तीच लागली.

नव्या पट्ट्या कापल्या. चारही कोपरे मिटले. भाच्याने चौथ्या कोपऱ्यात पेन्सिल घालायचा प्रयत्न केला, मग कागद, मग नख. काहीच जाईना. मिस्त्री म्हणाले, आता पावसाळ्यात भेटू. ही धमकी खरी असते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं आणि आकसतं. पावसात पट्टी रुंदीला फुगली की तिरपा सांधा बाहेरच्या टोकाला उघडतो, आणि उन्हाळ्यात वाळून आकसली की आतल्या टोकाला. सागवान या बाबतीत फार सोशिक, पण ते वाळलेलं असेल तर. डेपोतून आणलेला ओला ओंडका चिरून लगेच फ्रेम केली तर कोपरा कुठल्या महिन्यात उघडणार हे पंचांगात बघून सांगता येतं.

तोवर दुकानात आणखी एक उपाय कायमचा हजर असतोच. फेविकॉल 1959 पासून आहे, त्याआधी सरस होता. त्याच लाकडाचा बारीक भुसा त्यात कालवायचा, फटीत दाबायचा, वाळला की पॉलिश पेपर मारायचा. त्यापेक्षा मोठी फट असली तर रंगाऱ्याची लांबी. पट्टीची लांबी कमी पडली की लांबी भरायची, हा सुतारकामातला एकमेव विनोद मी मिस्त्रींना ऐकवला आणि तो त्यांनी माझ्या आधी ऐकलेला होता. पण एक सांगतो, भुशाला हिणवू नये. लाखाचा टेबल सॉ असणाऱ्या कारागिराच्या खणातही भुशाची डबी असते, फक्त तिचं झाकण घट्ट लावलेलं असतं.

फ्रेम पोचवायला भाच्याबरोबर मीही गेलो. भजनी मंडळाच्या सभागृहात भिंतीला एकच खिळा, तोही थोडा वाकलेला. फोटो लागला. भिंत गवंड्याने आपल्या मनाने बांधलेली, त्यामुळे आमचा काटकोन डावीकडे झुकला. भाच्याने डबी काढली, फ्रेमच्या वरच्या पट्टीवर ठेवली. दीड अंश. त्याने खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मंडळाच्या एका आजोबांनी झेंडूचा भलामोठा हार आणून महाराजांना घातला. हार एवढा भरगच्च की वरचे दोन्ही कोपरे झाकले गेले आणि खालचे दोन समईच्या मागे गेले.

भाच्याला राहवलं नाही. त्याने हार जरा बाजूला सारला आणि आजोबांना म्हणाला, “आजाजी, हा कोपरा पाहा ना जी. कागद जात नाही.”

“हाराले हात नोको लावू,” आजोबा ओरडले. “आंघोळ केली काय बे?”

“केली जी, पण...”

खंजिरी वाजायला लागली होती.